पिझ्झाच्या भट्टीत रॉकेल ओतायला सांगू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत फार्महाऊसवरची लाकडाची पिझ्झा भट्टी कशी पेटवायची यावर अर्धं पान लेख छापलाय तुम्ही. फोटो छान आलेत. पण लेख वाचून आमच्या घरात दोन गट पडले, एक हसणाऱ्यांचा आणि एक चिडणाऱ्यांचा, आणि मी चिडणाऱ्यांत. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, कापायचं असेल तर मधलं कुठलंही कापा पण रॉकेलचं तेवढं ठेवा.

लेखात म्हटलंय की चिंधी रॉकेलमध्ये बुडवून लाकडाखाली सरकवा, अर्ध्या तासात भट्टी तयार. लाकूड थोडं ओलसर असेल तर उलट चांगलं कारण धुराने 'स्मोकी फ्लेवर' येतो. आणि लाकूड नसेल तर घरातलं जुनं फर्निचर तोडून घाला. चार वाक्यांत चार चुका, आणि एकही अशी नाही की जाऊदे म्हणावं. त्यात गंमत अशी की त्याच दिवशीच्या मुख्य अंकात मुंबईतल्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांच्या धुराची बातमी होती. म्हणजे आतल्या पानावर धूर हे प्रदूषण आणि पुरवणीत धूर हा फ्लेवर!

आधी माझं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण शहाणी. आम्ही भोर तालुक्यात राहतो, नीरा-देवघर धरणाच्या बाजूला, भातशेती आहे आणि पाच वर्षांपूर्वी मुलाच्या डोक्यातून निघालेली एक भट्टी आहे, तिच्यावर शनिवार-रविवार फिरायला येणाऱ्यांना पिझ्झा करून देतो. मी स्वतः चुलीवर वाढलेली बाई, माहेरी गॅस आला तेव्हा मी दहावीत होते. त्यामुळे मुलाने भट्टी बांधायची म्हटल्यावर मला वाटलं त्यात काय, जाळच लावायचाय ना. तो गैरसमज उतरायला एक अख्खी भट्टी गेली.

हो, पहिली भट्टी आम्ही फोडली. म्हणजे तिनेच फुटून दाखवलं. आमच्या गावच्या गवंड्याने व्हिडिओ बघून बघून चांगला गोल घुमट बांधला होता, आत अग्निरोधक विटा, बाहेरून मातीत भाताचं तूस कालवून लिंपण, आमच्या आत्याबाई (सासूबाई माझ्या, शहाऐंशी वर्षांच्या) बघून म्हणाल्या "ही चूल म्हणायची का देऊळ?" बांधून तिसऱ्याच दिवशी पुण्याहून पाहुणे येणार होते, मुलाला घाई, त्याने सकाळी सकाळी बाभळीचे मोठे ओंडके घालून दणदणीत जाळ केला. तासाभरात आतून टण् टण् आवाज यायला लागले आणि घुमटाला वरपासून तोंडापर्यंत बोटभर भेग. माती आणि विटांच्या सांध्यात पाणी होतं, त्याची वाफ झाली, वाफेला बाहेर जायला वाट मिळेना, तिने स्वतःच वाट केली. पाहुण्यांना त्या दिवशी पिठलं-भाकरी घातली, खूष होऊन गेले ते, तो भाग वेगळा.

तुमच्या लेखात ह्याबद्दल एक ओळ नाही. नवीन भट्टीला पहिला आठवडा मूठभर जाळावर काढायचा असतो, लहान बाळाला ऊन दाखवतात ना कोवळं कोवळं, तसं. दुसऱ्या भट्टीच्या वेळी आम्ही ते केलं, पहिल्या दिवशी फक्त काटक्या, घुमटाला बाहेरून हात लावला तर जेमतेम कोमट, आतलं तापमान शंभरच्या आत, मग रोज पन्नास-पन्नास अंश वाढवत सातव्या दिवशी तीनशेच्या पुढे. मुलगा ते सगळे दिवस तोंड पाडून बसला होता. बारीक केसासारख्या भेगा तरी पडल्याच, त्या पडतात, त्याने काही होत नाही. आणि हे एकदाच करून भागत नाही, आमच्याकडे पाऊस कसा पडतो माहितीये तुम्हाला, जून ते सप्टेंबर भट्टीवर पत्रा आणि ताडपत्री असते तरी विटा दमट होतात, त्यामुळे घटस्थापनेच्या आसपास पुन्हा दोन-तीन दिवस बारीक जाळ लावून तिला वाळवायची आणि मगच मोठा जाळ.

आता तुमच्या धुराकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

धूर म्हणजे काय असतं हो? लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं, मग लाकडातून गॅस सुटतो, तो पेटला की त्याला आपण जाळ म्हणतो आणि नाही पेटला की धूर. म्हणजे धूर हे न जळलेलं लाकूडच आहे, तुम्ही वखारीत पैसे मोजून आणलेलं, जे आता धुराड्यातून शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्यांवर चाललंय. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते पाणी उकळून घालवायला तुमचाच विस्तव खर्ची पडतो, तापमान खाली येतं, तापमान खाली आलं की गॅस पेटत नाही, पेटत नाही म्हणून धूर, धूर होतो म्हणून माणूस घाबरून आणखी लाकूड घालतो, तेही ओलंच. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, भट्टीत मात्र उलटं होतं, ओल्यापायी सुकंही विझतं. मी स्वतः बघितलंय.

आणि चवीचं म्हणाल तर पिझ्झा भट्टीत किती वेळ असतो? नेपल्सच्या पद्धतीचा असेल तर ६० ते ९० सेकंद. आमचा जरा जाड असतो, गिऱ्हाईकाला चीज जास्त लागतं, तर दोन-अडीच मिनिटं धरा. एवढ्या वेळात कुठला धूर मुरणार? मांस-मासे धुरात तासन् तास टांगतात तेव्हा कुठे त्यांना धुराचा वास लागतो. शिवाय भट्टी नीट बांधलेली असेल तर धूर घुमटाच्या पोटाला चिकटून वरच्या वर तोंडाकडे येतो आणि धुराड्यात जातो, खाली पिझ्झाला शिवतसुद्धा नाही. लोकांना जी चव 'स्मोकी' वाटते ती कडेला आलेल्या काळ्या फोडांची असते, म्हणजे करपण्याची, नीट करपण्याची. भाकरीच्या पदरावरचे डाग कसे खमंग लागतात, त्यातलाच प्रकार. नेपल्समध्ये पिझ्झावाल्यांची एक संघटना आहे, १९८४ साली स्थापन झालेली, तिच्या नियमावलीतच सांगितलंय की लाकूड ओलं नको, धूर करणारं नको, पिझ्झाच्या वासात आपला वास मिसळणारं नको. ओक, ॲश, बीच, मेपल ही त्यांच्याकडची झाडं सुचवलीयेत. म्हणजे ज्यांच्या गावचा हा पदार्थ, ज्यांच्या पिझ्झा करण्याच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं, ते धूर नको म्हणतायत आणि आपली पुरवणी म्हणतेय ओलसर लाकूड घाला.

आमच्याकडे ओक-बीच कुठून येणार, आम्ही बाभूळ आणि सुबाभूळ वापरतो. बाभूळ जड, जळते सावकाश, तिचा निखारा तासभर टिकतो. सुबाभूळ बांधावर आपोआप उगवते आणि पटकन पेटते, जाळ उंच करायचा असेल तेव्हा ती. आंब्याचंही चालतं, पण आंबा तोडायला परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात तो आहे, तेव्हा वखारीतून घेतलात तर पावती मागा. काय घालायचं नाही ते मात्र लेखात यायलाच हवं होतं. कण्हेर नको, विषारी असते, अंगणात छाटणी केली की लोक बिनधास्त सरपणात टाकतात. शेराचं झाड नको, त्याच्या चिकाचा धूर डोळ्यांना लागला की विचारू नका. बिब्ब्याचं लाकूड नको, आत्याबाई तर बिब्ब्याच्या झाडाखालून जायला पण देत नाहीत. कोकणातल्या मंडळींनी काजूची टरफलं टाकायचा मोह आवरावा, ती पेटतात मस्त पण त्यांचं तेल कातडी सोलून काढतं आणि ते तेल धुरात पण असतं. आणि तुमचं ते जुनं फर्निचर! प्लायवूडमध्ये डिंक-रसायनं, रंगात काय काय, जुन्या रंगात तर शिसं पण असायचं, वरून पॉलिश, सनमायका, खिळे. ज्या फरशीवर अन्न थेट टेकणार तिच्यावर हे जाळायचं? मुंबईतल्या कितीतरी बेकऱ्यांत पाडकामातलं स्वस्त लाकूड जाळलं जातं ही तर तक्रारच आहे सगळी, आणि आपण तेच घरी करा म्हणून सांगतोय.

वाळलेलं लाकूड ओळखायला मशीन लागत नाही. मिळतं ते मीटर, आमच्याकडे आहे, २० टक्क्यांच्या खाली ओल दाखवली पाहिजे, पण मी दोन फाटे एकमेकांवर आपटून बघते. वाळलेलं असेल तर टणक वाजतं, ओलं असेल तर ढब्ब. शेवटाला चिरा पडलेल्या असतात, साल हाताने सुटते, आणि उचललं की वजनावरूनच कळतं. लाकूड फोडून ठेवायचं, अख्खा ओंडका दोन दोन वर्षं वाळत नाही कारण साल पाणी सोडत नाही. आम्ही दिवाळीनंतर फोडतो, उन्हाळाभर मोकळ्यावर रचतो, खाली दगड घालून म्हणजे वाळवी लागत नाही आणि हवा खेळते, मेच्या शेवटी पत्र्याखाली. ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवलं ना एका वर्षी, तर सगळ्याला बुरशी.

आता पेटवणं. पेट्रोलचा तर विषयच काढू नका, घुमटात त्याची वाफ साठते आणि काडी लावली की भडका थेट तोंडावर येतो. रॉकेलनं भडका त्या मानाने कमी होईल पण ते विटांमध्ये मुरतं. अग्निरोधक वीट सच्छिद्र असते, तिने एकदा रॉकेल पिलं की चार-चार वेळा भट्टी तापवली तरी वास येत राहतो, आणि त्या फरशीवर तुम्ही मैद्याची पोळी टाकणार. आम्ही कापूर वापरतो. एक-दोन वड्या, बास. वर नारळाच्या शेंड्या, त्याच्यावर काही नाही.

वर का म्हणते ते सांगते, कारण इथे मी स्वतः हट्टाने दोन वर्षं चुकीचं केलं. चुलीत आपण खाली बारीक आणि वर मोठं लाकूड लावतो, खालून पेटवतो. होळी पण तशीच. भट्टीत उलटं करायचं. खाली मधोमध दोन जाड फाटे समांतर, त्याच्यावर आडवे मनगटाएवढे, त्याच्यावर उभे बोटाएवढे, चौकट रचत जायची, आणि सगळ्यात वर तुराट्या किंवा काटक्या, मग कापूर आणि त्यावर शेंड्या. काडी वरून लावायची. मुलाने पहिल्यांदा असं रचलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या "अरे विस्तव कधी खाली जातो व्हय?" जातो. हळूहळू जातो आणि म्हणूनच बरं. खालून पेटवलं की वरच्या सगळ्या थंड लाकडांतून एकदम गॅस सुटतो आणि वर त्याला पेटवायला जाळच नसतो, सगळा धूर होतो. वरून पेटवलं की खालच्या लाकडाचा गॅस वरच्या जाळातून जातो आणि जाताजाता जळतो. पहिल्या दिवशी करून बघितलं तेव्हा पाच मिनिटांत धूर बंद, आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी चुलीवर पाणी तापवताना त्यांनी गुपचूप तसंच रचलं होतं.

थंडीच्या दिवसांत धुराडं गार असतं आणि ते धूर ओढत नाही, सगळा धूर तोंडातून बाहेर येतो. त्यावर उपाय म्हणजे पेटवायच्या आधी पेपरचं एक पान चुरगाळून पेटवायचं आणि धुराड्याच्या तोंडाशी धरायचं, आतली हवा गरम झाली की ओढ लागते. रागावू नका, पान तुमच्याच पेपरचं असतं. परवाची पुरवणी मात्र जपून ठेवलीये.

तोंडावरून आठवलं, भट्टीचं तोंड किती उंच हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास हवी असा भट्टी बांधणाऱ्यांचा आडाखा आहे, घुमट सोळा इंच असेल तर तोंड दहा इंच. खालच्या अर्ध्यातून गार हवा आत येते, वरच्या अर्ध्यातून गरम बाहेर जाते, एकाच दारातून दोन्ही. दार फार उंच झालं तर ऊब टिकत नाही, फार बुटकं झालं तर जाळ गुदमरतो. आमच्या फुटक्या भट्टीचं तोंड चांगलं चौदा इंच होतं, परात आत गेली पाहिजे म्हणून! जाळ असेपर्यंत झाकण लावायचं नाही हे पण ह्याच कारणासाठी.

मग वाट बघायची. अर्धा तास वगैरे विसरा. आमची भट्टी आतून तीन फूट रुंद आहे, तिला दीड ते दोन तास लागतात आणि बारा-पंधरा किलो लाकूड. घुमट आधी काळाकुट्ट होतो, काजळी धरते, नवीन माणसाला वाटतं बिघडलं काहीतरी. थांबायचं. साडेतीनशे अंशांच्या पुढे कधीतरी ती काजळीच जळायला लागते, आणि घुमटाच्या टोकापासून पांढरा ठिपका पसरत खाली येतो, ग्रहण सुटल्यासारखा. मला तो क्षण फार आवडतो, पाच वर्षं झाली तरी मी हातातलं काम टाकून बघायला जाते. आमच्याकडे तापमान मोजायची गन आहे, स्वस्तातली, ती चारशेच्या पुढे आकडाच दाखवत नाही, नुसतं 'हाय' म्हणते. तेव्हा घुमट पांढरा झाला का हेच खरं.

पण घुमट तापला म्हणजे फरशी तापली असं नाही, आणि सगळ्यात जास्त पिझ्झे इथे बिघडतात. निखारे फरशीभर पसरायचे आणि पंधरा-वीस मिनिटं तसेच ठेवायचे, मग लोखंडी फावड्याने सगळे एका बाजूला सारायचे, आम्ही डावीकडे सारतो. ब्रशने राख काढायची, काठीला ओलं फडकं बांधून एक हात फिरवायचा, पिळून घ्या नीट, पाणी सांडलं तर वीट तडकते. मग चिमूटभर मैदा टाकायचा. तीन-चार सेकंदात तपकिरी झाला तर ठीक, टाकल्या टाकल्या काळा झाला तर फरशी जास्त तापलीये, पाच मिनिटं थांबा. पांढराच राहिला तर निखारे परत पसरा, गिऱ्हाईक कितीही ओरडू दे.

आणि एकदा पिझ्झे सुरू झाले की खरी परीक्षा, जाळ राखायची. लोकांना वाटतं निखारे लालबुंद आहेत म्हणजे झालं. नाही. नुसत्या निखाऱ्यावर खालची बाजू करपते आणि वरचं चीज तसंच गिळगिळीत. भाकरीचं बघा, तव्यावर एक बाजू शेकते आणि मग तवा काढून दुसरी बाजू विस्तवाकडे करून फुगवतो. पिझ्झाला ही दोन्ही कामं एकाच वेळी करून हवी असतात, फरशी हा तवा आणि वरचा विस्तव म्हणजे घुमट, आणि घुमट तापता ठेवायला जिवंत जाळ पाहिजे, घुमटाला चाटत मधोमध येणारा. त्यासाठी दर दहा-पंधरा मिनिटांनी मनगटाएवढा एकच फाटा टाकायचा. एकच. पुढचा फाटा भट्टीच्या तोंडाबाहेर कडेला ठेवून द्यायचा म्हणजे तो गरम होत राहतो, टाकला की लगेच पेटतो, धुराची एक रेघ पण येत नाही. मोठा ओंडका टाकला की दहा मिनिटं तो स्वतःच तापत बसतो, भट्टी खाली येते आणि धूर वर जातो. आमचा मुलगा फाटा टाकायला विसरतो गप्पांच्या नादात, मग शेवटची चार टेबलं वाट बघतात. तासाला साधारण तीन-चार किलो लाकूड लागतं आम्हाला, भट्टी एकदा तापल्यावर.

तुमच्या लेखात शेवटी "राख टाकून द्या" एवढंच लिहिलंय. राखेतला निखारा एक दिवस सहज जिवंत राहतो. पूर्वी चुलीत विस्तव राखेखाली झाकूनच ठेवायचे, सकाळी उकरला की लाल, आणि कुणाचा विझला तर शेजारी विस्तव मागायला यायचे, मी लहानपणी वाटीत घालून दिलाय. आणि हे सगळं माहिती असून मी एका रविवारी रात्री राख उकिरड्यावर टाकली आणि सोमवारी दुपारी उकिरडा धुमसायला लागला, पलीकडेच कडब्याची गंजी होती, माणसं होती घरात म्हणून निभावलं. आता लोखंडी घमेल्यात झाकण घालून दोन दिवस बाहेर ठेवतो, आणि पूर्ण गार झाल्यावरच भाजीच्या वाफ्यात, तेही थोडी थोडी.

रात्री झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पण भट्टीत दोनशेच्या आसपास ऊब असते. त्यात आम्ही पाव करतो, भरताची वांगी, रताळी फुफाट्यात पुरून ठेवायची, पोरं तुटून पडतात. अगदी शेवटी उरलेल्या उबेत पुढच्या वेळेचे फाटे वाळायला ठेवतात काहीजण, आम्ही पण ठेवले होते, भट्टी नीट निवायच्या आधीच, वर झाकण. सकाळी नवऱ्याने झाकण काढलं आणि आत कोंडलेला गॅस हवा मिळाल्या मिळाल्या भप्पकन पेटला. भुवया गेल्या, पंधरा दिवसांनी लग्न होतं घरात, फोटोत काजळाने रंगवलेल्या आहेत. तेव्हा भट्टीत हात घालता येईल एवढी निवाल्याशिवाय लाकूड ठेवू नये. आणि बंद खोलीत, बंद गच्चीवरच्या शेडमध्ये ही भट्टी लावायचीच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. लेखातल्या फोटोत भट्टी चक्क काचबंद बाल्कनीत दिसतेय!

आता मुंबईच्या बेकऱ्यांचं. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, त्यावर पावाची चव जाईल, परंपरा जाईल अशी पत्रं तुमच्याकडेही आली असतील. माझं त्या निकालाशी भांडण नाही. कितीही वाळलेलं लाकूड आणि कितीही नीट पेटवलेली भट्टी असली तरी बारीक कण हवेत जातातच, आमच्याकडे माळावर एक भट्टी आहे आणि आजूबाजूला डोंगर, तिकडे एकेका वॉर्डात कितीतरी आणि वर लोकं राहतात. नेपल्सजवळचं सान व्हिटालियानो नावाचं गाव आहे, तिथल्या महापौरांनी २०१५ च्या डिसेंबरात फिल्टर नसलेल्या लाकडाच्या पिझ्झा भट्ट्यांवर हिवाळ्यापुरती बंदीच घातली होती, हवा एवढी बिघडली होती. पिझ्झाच्या माहेरी हे झालं! आणि त्या नेपल्सच्या संघटनेनेही आता गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिलीये. त्यामुळे शहरात राहणाऱ्यांनी सरळ गॅसची भट्टी घ्यावी, पिझ्झा चांगला होतो, मी खाल्लाय. पण ज्यांच्याकडे मोकळी जागा आहे आणि ज्यांना लाकडावरच करायचंय त्यांना निदान बिनधुराची तरी शिकवा ना, तुमचा खप लाखात आहे, प्रत्येक फार्महाऊसवर ओलं लाकूड आणि सनमायका जळायला लागला तर आमच्या खोऱ्याची पण मुंबई व्हायला वेळ लागणार नाही.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी रॉकेल, ओलं लाकूड, फर्निचर आणि बंद बाल्कनी या चार गोष्टींची दुरुस्ती छापा, चौकटीत, लेख छापला होता त्याच पानावर. आणि लेखकमहाशयांना आमच्याकडे पाठवून द्या. शनिवारी सकाळी दहाला या म्हणावं, पिझ्झा एक वाजता मिळेल. मधल्या वेळात लाकडं फोडायची आहेत.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
ता. भोर, जि. पुणे